जुन्या चित्रांतला गैरहजर प्रियकर

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठे पानभर छापून आली, ती पाहून आमच्या चोपड्यातल्या अनेक जुन्या वाचकांना आनंद झाला. परंतु तेव्हाचे प्रेमच निरागस होते आणि म्हणून ती चित्रे इतकी सोज्वळ आहेत, असा जो निष्कर्ष सोबतच्या लेखात काढला आहे, तो मला मान्य करता येत नाही. माझी सारी नोकरी ग्रंथपाल म्हणून झाली आणि मासिके, दिवाळी अंक बांधणीला देण्यापूर्वी त्यांची पाने तपासण्याच्या निमित्ताने ही चित्रे मी सावकाश व पुन्हा पुन्हा पाहिली आहेत. ती सुंदर आहेत यात वाद नाही. निरागस मात्र नाहीत. प्रणयाराधन तर दाखवायचे, पण घरातल्या वडीलधाऱ्यांनी अंक माळ्यावर टाकू नये, अशा पेचातून चित्रकारांनी विचारपूर्वक काढलेल्या पळवाटा त्यांत आहेत. त्या ओळखल्या नाहीत, तर चित्रकाराच्या कसबाचे श्रेय आपण उगाच जुन्या काळाच्या पदरात टाकतो.

आपण छापलेलीच पाने पुन्हा पाहावीत. एक स्त्री तबकात पणत्या घेऊन उभी आहे, दुसरी खिडकीशी पत्र वाचते आहे, तिसरी आरशासमोर वेणी माळते आहे. तिघींच्याही चेहऱ्यावर कोणीतरी येणार असल्याची किंवा नुकतेच येऊन गेल्याची खूण आहे, आणि तो कोणीतरी एकाही चित्रात नाही. तो असतो चौकटीच्या बाहेर, म्हणजे नेमका तिथे, जिथे अंक हातात धरलेला वाचक बसलेला असतो. हे योगायोगाने झालेले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत चार्ल्स डेना गिब्सन हा चित्रकार ‘लाइफ’ साप्ताहिकात आपल्या तरुणींबरोबर त्यांच्या प्रियकरांनाही मुद्दाम चौकटीत आणून बसवीत होता, आणि १९०३ च्या एका चित्रात तर काही तरुणी टेबलावरच्या टीचभर पुरुषाला भिंगातून निरखताना त्याने दाखवल्या. तिकडे प्रियकर हजर होता म्हणून त्याची थट्टा करता आली. आपल्याकडे तो गैरहजर राहिला, त्यामुळे त्याला कोणी हसले नाही आणि त्याला कोणी जाबही विचारला नाही.

या गैरहजेरीचा उगम शोधायचा तर राजा रविवर्म्यांच्या छापखान्यापर्यंत मागे जावे लागते. हा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि दगडावरून एकेक रंग चढवून छापलेली त्याची चित्रे साध्या घरांच्या भिंतीवर जाऊन बसली. हंसाकडून नळाची वार्ता ऐकणारी दमयंती, कमळाच्या पानावर पत्र लिहिणारी शकुंतला, पायातला काटा काढण्याच्या मिषाने मागे वळून पाहणारी शकुंतला, यांपैकी एकाही चित्रात नायक समोर नाही. ते काट्याचे निमित्त मुळात कालिदासाचे आहे; शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात दुष्यंत विदूषकाला ते मोठ्या कौतुकाने सांगतो, म्हणजे मुळात ती त्याची आठवण आहे. चित्रात मात्र आठवणारा नाहीसा होतो आणि त्याचे डोळे आपल्याला मिळतात. अर्जुन-सुभद्रेच्या चित्रात नायक प्रत्यक्ष समोर येतो हे खरे, पण तिथेही तो संन्याशाच्या वेषात आहे. घरोघरच्या बायकांनी या छापील चित्रांना जर आणि टिकल्या लावून सजवले, तेव्हा देवीची सेवा आणि प्रेयसीचे कौतुक यांत फरक करण्याची त्यांना गरज वाटली नसावी.

या चित्रांचा काळ कोणता होता, तेही ध्यानात घ्यावे. १८९१ मध्ये संमतिवयाची, म्हणजे शरीरसंबंधाला मुलीची संमती ग्राह्य धरण्याच्या वयाची, मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणारा कायदा झाला, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ उठला हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच दशकात स्वतःचा वर स्वतः निवडणारी, त्याला स्वतःच्या हाताने पत्र लिहिणारी, पूर्ण वाढीची शकुंतला दिवाणखान्यात टांगली गेली आणि कोणी हरकत घेतली नाही, कारण ती पुराणातली होती. मुलींच्या लग्नाची किमान मर्यादा चौदा वर्षे करणारा सारडा कायदा त्यानंतर पुष्कळ उशिरा, १९२९ मध्ये आला. म्हणजे चित्र पाहणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांच्या आयुष्यात प्रणयाराधन नावाची पायरीच नव्हती. अंतरपाट दूर होईपर्यंत नवऱ्याचा चेहरा न दिसलेल्या पुष्कळ जणी असत. अशा घरात ते चित्र जुन्या प्रेमाची नोंद म्हणून टांगलेले नव्हते. जे कोणाला करता येत नव्हते, ते बघण्याची सोय म्हणून टांगलेले होते.

पुराणाइतकाच जुना आधार आपल्या काव्यशास्त्रानेही पुरवला. भरतमुनींपासून चालत आलेल्या अष्टनायिका पाहा. सजून वाट पाहणारी वासकसज्जा, विरहाने व्याकूळ झालेली विरहोत्कंठिता, संकेतस्थळी फसवली गेलेली विप्रलब्धा, भांडण करून मग पस्तावलेली कलहांतरिता, नवरा परदेशी असलेली प्रोषितभर्तृका, काळोखात निघालेली अभिसारिका, नायक दुसरीकडे रात्र काढून आल्याने संतापलेली खंडिता. आठवी स्वाधीनपतिका तेवढी अशी, की जिचा नायक निःशंकपणे तिच्या हाताशी आहे. विसाव्या शतकातल्या मासिकांच्या चित्रकारांना ही परंपरा आयती मिळाली. वर्षाकाठी एक मुखपृष्ठ करायचे आणि त्यावर एकटी स्त्री हवी, तर शास्त्रानेच सात प्रकार तयार ठेवले होते.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही प्रथा आकार घेत गेली, आणि दीनानाथ दलाल व रघुवीर मुळगावकर या दोघा चित्रकारांच्या हाती ती कळसाला पोहोचली. दलालांनी १९४५ मध्ये स्वतःचे ‘दीपावली’ हे नियतकालिक सुरू केले. त्यांची रेषा मोजकी, वळणदार, आणि लांबट डोळ्यांच्या त्यांच्या नायिका पाहणाऱ्याकडे थेट बघण्याचे फार चातुर्याने टाळतात. मुळगावकर फवाऱ्याने रंग उडवून त्वचेवर अशी तुकतुकी आणत, की त्यांची मानवी प्रेयसी आणि त्यांची लक्ष्मी सख्ख्या बहिणी वाटाव्यात. माझी वैयक्तिक पसंती दलालांना आहे. मुळगावकरांच्या चित्रात स्त्री नुसती दिसत राहते. दलालांच्या चित्रात ती काहीतरी लपवीत असते, आणि प्रणयाच्या चित्राला लपवणे अधिक शोभते असे मला वाटते.

तरीही मुखपृष्ठांवरून त्या काळाचा अंदाज बांधणे धोक्याचे आहे. मुखपृष्ठ विक्रीसाठी असते. ते रेल्वे स्थानकावरच्या पुस्तकांच्या गाड्यावर लांबून दिसावे लागते. खरे प्रणयाराधन आतल्या पानांत, कथांसोबतच्या काळ्या शाईच्या रेखाचित्रांत आहे, आणि त्याविषयी आपल्या लेखात एक ओळही नाही याचे मला आश्चर्य वाटले. छपाईच्या घाईत, एकाच रंगात, कथेतल्या एखाद्या वाक्याला धरून केलेल्या या चित्रांत पुरुष अखेर आत येतो. बहुतेक वेळा तो पाठमोरा असतो किंवा दारात थबकलेला असतो. त्या दोघांमध्ये टेबल, सायकल, चहाचा ट्रे असे काहीतरी ठेवण्याची दक्षता चित्रकाराने घेतलेली असते. तिचे एक बोट पदराच्या टोकात गुंडाळलेले, नजर जमिनीवर. गंमत अशी की कथेतली नायिका एव्हाना महाविद्यालयात जाऊ लागली होती, नोकरी करू लागली होती, प्रसंगी स्थळाला तोंडावर नकारही देत होती. चित्रातली मात्र अजून पदराचे टोकच चाळवीत होती. लेखक पुढे गेला आणि चित्रकार मागे राहिला, असे मी म्हणणार नाही. कथा एकट्याने वाचली जात असे. चित्र मात्र पान उलटताना साऱ्या घराला दिसत असे, त्यामुळे भीड चित्रालाच अधिक होती. जाहिराती त्याहून धीट होत्या. अफगाण स्नोच्या काळातल्या प्रसाधनांच्या आणि केशतेलांच्या जाहिरातींत नवरा बायकोकडे उघडपणे, कौतुकाने बघतो, कारण ते लग्न झालेले जोडपे आहे असे गृहीत धरलेले असे.

आता आमच्या खान्देशाकडे येते. मुंबईच्या कलाशाळेने आमच्या शेजारच्या अजिंठ्याकडून पुष्कळ घेतले. मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून तिथल्या चित्रांच्या नकला करण्याच्या कामावर होते. त्या नकलांपैकी बऱ्याच १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या, आणि खुद्द गिलसाहेब १८७९ पासून आमच्या भुसावळच्या मातीत आहेत. त्यांच्यानंतर जॉन ग्रिफिथ्स यांनी जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात नकला केल्या. पुढच्या पिढ्यांनी तिथले डोळे घेतले, हातांच्या मुद्रा घेतल्या, कमरेचा बाक घेतला; घेतले नाही ते जोडपे. सतराव्या लेण्यातल्या विश्वंतर जातकाच्या, म्हणजे बुद्धाच्या एका पूर्वजन्माच्या कथेच्या, चित्रात राजपुत्र आणि त्याची पत्नी एकाच आसनावर बसली आहेत आणि ती खुशाल त्याच्या अंगावर रेलली आहे. दीड हजार वर्षांपूर्वी भिक्षूंच्या निवासात जे चालले, ते १९५० च्या मुखपृष्ठावर चालले नाही. मग जुन्या काळी प्रेम सोज्वळ होते असे म्हणताना जुना काळ नेमका कोणता धरायचा?

चित्रकारांना मिळालेला दुसरा परवाना रानाचा होता, आणि त्याबद्दल सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाने बोलले पाहिजे. पांढरपेशी नायिका पदर सावरून बसली असताना दिनदर्शिकांवरची आदिवासी तरुणी मात्र डोक्यावर माठ, केसांत रानफूल, उघडे खांदे आणि बेधडक नजर घेऊन उभी राहते. गावातल्या मुलीला जी मोकळीक देण्याची हिंमत झाली नाही, ती हिच्यावर लादली गेली. होळीच्या आधी नंदुरबारकडे व आमच्या चोपडा, यावल भागात भरणाऱ्या भोंगऱ्या बाजाराचे ‘जोडीदार पळवून नेण्याची जत्रा’ असे वर्णन आणि तशीच चित्रे अनेक वर्षे छापली गेली. आदिवासी समाजातील जाणत्या मंडळींनी त्याला वारंवार हरकत घेतली आहे, कारण त्यांच्या लेखी तो होळीच्या खरेदीचा, ढोल-बासरीचा आणि पाहुण्यांना भेटण्याचा बाजार आहे. पुरवणीतल्या लेखात ‘रानातल्या निर्व्याज प्रेमाचे’ म्हणून जे चित्र दिले आहे, ते याच जातीचे आहे. ज्यांचे चित्र काढले त्यांना न विचारता काढलेल्या चित्रात निर्व्याजपणा शोधू नये.

जाता जाता आमच्या आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाचीही आठवण करून द्यावीशी वाटते. माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर बसून अहिराणीत ज्या गाण्यांतून नवऱ्याची, सासरची आणि स्वतःच्या मनाची गोष्ट उघड बोलतात, त्यांतला मोकळेपणा त्या काळच्या एकाही गुळगुळीत मुखपृष्ठावर उतरलेला नाही. प्रेमाविषयी बोलण्याची भीड साऱ्या समाजाला होती असे म्हणता येत नाही. ती विशेषतः छापील कागदाला होती.

शेवटी दोन विनंत्या. बांधणी करताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकण्याची रीत आपल्याकडे सर्रास होती, त्यामुळे वाचनालयांतल्या बांधीव खंडांत आता बहुतेक आतली रेखाचित्रेच उरली आहेत आणि तो कागद हात लावताच मोडतो. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या जुन्या वाचनालयांनी निदान १९६० पूर्वीच्या खंडांतील सचित्र पानांची छायाचित्रे घेऊन ठेवावीत, यासाठी आपल्या वृत्तपत्राने पाठपुरावा करावा. दुसरी विनंती आपल्यालाच. पुरवणीतल्या चित्रांखाली एकाही चित्रकाराचे नाव नाही, आणि दोन चित्रांच्या कोपऱ्यातली सही पान जुळवताना कापली गेली आहे. पुढच्या वेळी चित्र पूर्ण छापावे आणि त्याखाली चित्रकार, अंक व वर्ष द्यावे. खात्री करून घेण्यासाठी मूळ अंक हवे असल्यास आमच्या गावच्या वाचनालयात बसून पाहता येतील, त्याची व्यवस्था मी करीन.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल,
चोपडा, जि. जळगाव