घोणशीचे विष आणि बंद पडलेले यंत्र

महोदय,

पावसाळा लागला की पन्हाळा, राधानगरी, करवीर भागांतील सर्पदंशाच्या बातम्या आपल्या अंकात येऊ लागतात. उसाच्या फडात किंवा भाताच्या बांधावर घोणस चावते, आणि रुग्णाला टोचली जाणारी प्रतिविषाची लस बहुतांशी तमिळनाडूत काढलेल्या विषापासून तयार झालेली असते. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते आणि दुसरीकडच्या विषापासून केलेली लस इथे कमी पडू शकते, म्हणून आपल्याकडील घोणशीच्या विषात कोणती प्रथिने किती आहेत, हे तपासणे मला अत्यंत निकडीचे वाटते.

ते तपासण्याचे साधन म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर, रेणूंचे वस्तुमान मोजणारे यंत्र. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी; ट्रिप्सिन हे विकर (एन्झाइम) ती लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांपाशी तोडते. त्या तुकड्यांना विद्युतभार देऊन निर्वात पोकळीत सोडले, की वस्तुमान आणि भार यांचे गुणोत्तर मोजता येते व त्यावरून मूळ प्रथिन ओळखता येते. एवढे मोठे रेणू न मोडता भारित करण्याच्या पद्धतींसाठी जॉन फेन आणि कोइची तनाका हे २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे वाटेकरी ठरले. लायसिन आणि ग्लुटामिन या अमिनो आम्लांच्या वस्तुमानातील अवघा ०.०३६ डाल्टनचा (डाल्टन हे रेणूंच्या वस्तुमानाचे एकक) फरकसुद्धा आजची चांगली यंत्रे टिपतात. ल्युसिन आणि आयसोल्युसिन या अमिनो आम्लांचे वस्तुमान मात्र तंतोतंत सारखे असते. तिथे नुसत्या वजनावरून निवाडा होत नाही, जाणकार माणूस लागतो.

माझा मुद्दा या माणसाचाच आहे. जीवरसायनशास्त्र शिकवण्याच्या माझ्या काळात एका संस्थेतील असे यंत्र मी महिनोन्‌महिने बंद पाहिले. वीज वारंवार जाई, व्हॅक्यूम पंप थांबे, देखभालीचा करार संपलेला होता आणि तंत्रज्ञाचे पद रिकामे होते. नवखा हात नमुना तयार करू लागला, तर त्याच्या त्वचेतले आणि केसांतले केराटिन हे प्रथिनच निष्कर्षात उतरते, आणि विद्यार्थ्याची सारी मेहनत वाया जाते. ते पाहून मला फार वाईट वाटले.

म्हणून कोल्हापुरातील कोणत्याही संस्थेने असे यंत्र मागताना अखंड वीजपुरवठा, देखभालीचा खर्च आणि कायम तंत्रज्ञ यांची तरतूद त्याच प्रस्तावात करावी, आणि इतर महाविद्यालयांच्या संशोधकांनाही ठरावीक शुल्कात नमुने तपासून द्यावेत. सापाचे विष काढण्यास वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये परवानगी लागते. ती मिळण्यास वेळ लागतो, तेव्हा तो अर्ज यंत्र येण्याची वाट न पाहता आताच करावा.

— एक निवृत्त प्राध्यापक, कोल्हापूर