किल्ल्याच्या प्रदर्शनाला हातभार लावा, या वेळी जरा वेळेत

नमस्कार मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत आपलं ठाणे किल्ल्याचं प्रदर्शन परत लावतोय. कुठला किल्ला असं विचारणारे ठाणेकर अजून भेटतात (काय बोलणार!) म्हणून सांगते, कळवा पुलाकडे जाताना सेंट्रल जेलची भिंत दिसते ना, तोच. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतला, काम पुरं व्हायच्या आत १७३७ ला चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांकडे आला, डिसेंबर १७७४ ला इंग्रजांनी घेतला आणि पुढे त्याचा तुरुंग झाला तो आजपर्यंत. १८१६ ला दुसऱ्या बाजीरावांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे इंग्रजांच्या कैदेतून इथूनच निसटले, गोऱ्या पहारेकऱ्यांना मराठी कळेना आणि मोतद्दार घोड्याचं काम करता करता गाण्यातून निरोप देत होता म्हणतात, पोरं ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावतात. आणि १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे, विनायक देशपांडे नाशिकच्या कलेक्टर जॅक्सनच्या वधासाठी फासावर गेले तेही याच भिंतींच्या आत. चालू जेल, मनात आलं की आत जाता येत नाही, म्हणून तर प्रदर्शन.

पहिल्या वेळचे सगळे पॅनल चरईच्या आपल्या प्रेसवाल्या काकांनी नुसत्या कागदाच्या पैशात छापून दिले, वर रात्री जागून शुद्धलेखनही तपासलं, काका आता नाहीत. नौपाड्याच्या बाईंनी पेन्शनमधून प्रोजेक्टर दिला, नाव लावू नका म्हणाल्या म्हणून लावत नाही पण सगळ्यांना माहितीये. घंटाळीच्या वहिनींचे पोहे तर शाळेच्या मुलांना किल्ल्यापेक्षा जास्त लक्षात आहेत. स्टँडवरच्या रिक्षावाल्यांनी सामान पोचवलं, भाडं घेतलं नाही.

राग नाही, पण मागच्या वर्षी ग्रुपवर दीडशे अंगठे आले आणि वर्गणी आली अकरा जणांची, बाकीचं कमिटीने खिशातून घातलं. दरवेळी नाही जमणार हो.

तर पॅनलना बुरशी लागलीये, प्रोजेक्टरचा दिवा गेलाय, हॉलचं भाडं वाढलंय, एकूण ६०,००० लागतील, १४,००० जमलेत, हॉलचा ॲडव्हान्स ३० तारखेच्या आत भरायचाय, क्यूआर ग्रुपवर पिन केलाय, रोख किंवा चेक खजिनदारांकडे संध्याकाळी ६ नंतर, पावती लगेच. दोन दोन तास उभं राहून माहिती सांगणारे हवेत, टेम्पो कोणाचा असेल तर कळवा, घरात जुन्या ठाण्याचे फोटो असतील तर स्कॅन करून त्याच दिवशी परत देऊ.

– सचिव
(अंगठा नको, आकडा टाका)