चष्म्यातलं आमचं घर

आदरणीय ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) मॅडम,

सप्रेम नमस्कार. समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "सगळं पेशंटनं केलंय" म्हणून विषय बदलता. म्हणून हे उघडं पत्र. तुमचं नाव घालत नाही. सोलापुरात ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

आईच्या मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला आणि डावा हात-पाय गेला. पहिल्या दवाखान्यातून "घरी न्या, व्यायाम करून घ्या" एवढंच ऐकून आम्ही निघालो होतो. जेवताना ताटातली डावीकडची भाजी ती तशीच ठेवायची. आम्हाला वाटायचं, तोंडाला चव नसेल. तुम्ही काही न बोलता ताट फिरवलंत आणि तिनं उरलेलं सगळं संपवलं. डोळे धड आहेत, मेंदूच डावीकडची दखल घेत नाही, हे तेव्हा समजलं. त्याआधी फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपी एकच, अशी माझी समजूत. १९५० साली कमलाबाई निंबकरांनी मुंबईच्या केईएममध्ये या विद्येचं शिक्षण सुरू केलं, हेही तुमच्याकडूनच कळलं. हात किती वर जातो यापेक्षा त्या हातानं चहा गाळता येतो का, हे तुम्ही बघत होता.

व्हीआरचा, म्हणजे डोळ्यांवर चष्मा चढवला की भोवती वेगळीच जागा दाखवणाऱ्या यंत्राचा, पहिला दिवस मात्र फसला. चष्म्यात कुठलंसं परदेशी स्वयंपाकघर होतं. आई म्हणाली, "हे कुणाचं घर? मोरी कुठंय?" पाच मिनिटांत तिला गरगरायला लागलं. तुम्ही चष्मा उतरवलात, पाणी दिलंत आणि "माझं चुकलं" म्हणालात. दवाखान्यात हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

मग चौफेर फोटो घेणारा कॅमेरा माझ्या हातात दिलात. आई खुर्चीत बसल्यावर तिचे डोळे जिथं येतात, त्या उंचीवर ठेवायचा आणि घर अजिबात आवरायचं नाही, असं बजावून. पूर्व भागातल्या आमच्या दोन खोल्या, विड्यांचं सूप, मोरीशेजारी ओळीनं पाण्याची पिंपं. नळाला चार-चार दिवसांनी पाणी, पिंपं हलवणार कुठं? आईच्या आधी तुम्ही तो चष्मा मला घालायला लावलात. त्या उंचीवरून मोरीची वाट पिंपांनी किती अडवलीय, ते तिथं जन्म काढूनही मला कधी दिसलं नव्हतं.

चष्म्यात बघता यायचं, चालता यायचं नाही. म्हणून आमच्या उंबरठ्याएवढी लाकडी पायरी करवून घेतलीत. दहा मिनिटं चष्मा, तोही बसूनच, मग विश्रांती, मग पायरी. "डावीकडे बघा, अजून डावीकडे," हे तुमचे शब्द माझ्या झोपेतही यायचे. आठवडाभर आईची मान अर्ध्यावरच थांबायची. मग एके दिवशी ती चष्म्यातच चिडली, "ए, कॅलेंडर उलटलं नाहीस होय रे? मागचाच महिना दिसतोय!"

कॅलेंडर डाव्या भिंतीवर होतं. तुम्ही पडद्यावर तिची नजर कुठं जाते ते बघत होता. तुमचे डोळे भरलेले मी पाहिले, नाही म्हणू नका.

आई घरी आली तेव्हा पिंपं पलीकडच्या भिंतीला गेली होती, मोरीत दांडा बसला होता आणि पिंपांच्या कडेला तुमची लाल पट्टी होती. ब्लाउज घालताना आधी डावा हात, काढताना तो शेवटी, हे आता ती माझ्या बायकोलाच शिकवते. विड्या वळणं जमलेलं नाही. डाव्या बोटांत पान टिकत नाही आणि त्यावर ती रडते, हेही तुम्हाला माहीत असावं. पण चहा स्वतः गाळते.

एक काम आहे. उंबरठ्याला लावलेली उताराची फळी पावसानं फुगलीय, खुर्ची अडते. एकदा येऊन बघाल का? पाणी येतं त्या दिवशी नको, तेव्हा घरात पाय ठेवायला जागा नसते. आई शेंगाचटणी कुटून घेणार आहे म्हणे, तिखट कमी घालून.

आपला,
खुर्चीमागे उभा असायचा तो मुलगा