टन, बीटीयू, हॉर्सपॉवर लिहा, पण शेजारी किलोवॉटही लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात उन्हाळ्यातल्या वीजबिलावर आपल्या दैनिकात जो मजकूर आला, त्यात एक वाक्य होतं : ‘दीड टनाचा एसी सव्वापाच किलोवॉटचा असतो, म्हणजे तासाला सव्वापाच युनिट वीज जाते.’ हे वाक्य चुकीचं आहे. सातपूरला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, एकतीस वर्षं झाली. त्या अंकाचं कात्रण घेऊन आतापर्यंत चार जण येऊन गेले. त्यातल्या एका शिक्षिकाबाईंनी तर एसी बंदच करून टाकला होता. घरात ८४ वर्षांच्या सासूबाई, बाहेर पारा चाळिशीला टेकलेला. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहितो आहे.

सव्वापाच हा आकडा खरा आहे, पण तो विजेचा नाही. एसीचा एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू (बीटीयू हे उष्णतेचं जुनं ब्रिटिश माप), म्हणजेच ३.५१७ किलोवॉट. दीड टनाचे झाले ५.२७. एवढी उष्णता तो एसी खोलीतून उचलून बाहेर टाकतो. त्यासाठी त्याला लागणारी वीज पूर्ण जोरात चालताना साधारण दीड किलोवॉट, आणि इन्व्हर्टर एसी असेल तर खोली गार झाल्यावर त्याहून बरीच कमी. पिंपळगावच्या बाजार समितीत हमाल कांद्याचं पोतं ट्रकमध्ये टाकतो, तेव्हा पोत्याचं वजन वेगळं आणि हमाली वेगळी. एसीवरचे सव्वापाच किलोवॉट हे पोत्याचं वजन. आपण बिलात भरतो ती हमाली.

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं चांदण्यांचं लेबल असतं, त्यावर दोन्ही गोष्टी छापलेल्या असतात. थंड करण्याची क्षमता वॉटमध्ये, आणि वर्षाकाठी लागणारी वीज युनिटमध्ये, तीही १,६०० तास धरून. बाईंनी मोबाइलवर लेबलचा फोटो काढून आणला होता. त्यावर वर्षाला ९८० युनिट होते. मी कागदावर ९८० ला १,६०० ने भागून दाखवलं : तासाला सरासरी ०.६१ युनिट. मे महिन्याच्या दुपारी जास्त जाईल, पहाटे कमी, पण सव्वापाच कधीच नाही. बाईंनी तिथूनच घरी फोन लावला आणि एसी सुरू करायला सांगितला.

गिझरचा हिशेब मात्र वेगळा. तिथे हमाल नाही, वीज स्वतःच जळून उष्णता होते. म्हणून गिझरवर लिहिलेले वॉट हेच बिलातले वॉट आणि तेच पाण्याला मिळणारे वॉट, किरकोळ गळती सोडून. दर थंडीत माझ्याकडे हमखास तक्रार येते : ‘तीन हजार वॉटचा इन्स्टंट गिझर बसवला, तरी पाणी कोमटच येतं, कॉइल बदलून द्या.’ कॉइल ठणठणीत असते. एक किलोवॉट म्हणजे ताशी ८६० किलोकॅलरी. तीन किलोवॉटच्या झाल्या २,५८०, म्हणजे मिनिटाला ४३. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते. नळ मिनिटाला तीन लिटर सोडत असेल, तर पाणी जेमतेम १४ अंशांनी तापणार. जानेवारीत टाकीतलं पाणी १६ अंश असलं तर बादलीत पडेल ३० अंशांचं, आणि ते अंगाला गारच लागणार. नळ बारीक सोडा. पंधरा लिटरची बादली १६ वरून ४० अंशांवर न्यायला ३६० किलोकॅलरी लागतात, म्हणजे साडेआठ मिनिटं आणि अर्ध्या युनिटपेक्षा कमी वीज. हे विक्रेत्याने घेतानाच सांगितलं, तर लोकांचा दुकानापर्यंतचा हेलपाटा वाचेल.

या एककांच्या गोंधळाचा सगळ्यात मोठा फटका मी माझ्याच घरात पाहिला. माझे दाजी दिंडोरी तालुक्यात द्राक्षं करतात. त्यांनी निर्यातीच्या मालासाठी पाच टनांची प्रीकूलिंगची खोली बांधायला घेतली. द्राक्षं तोडली की त्यांच्यातली शेतातली उष्णता लवकर काढावी लागते, नाहीतर देठ सुकून तपकिरी पडतात आणि माल नाकारला जातो. मशिनसाठी दोन कोटेशनं आली. एकावर लिहिलं होतं ६०,००० बीटीयू, दुसऱ्यावर २०,००० किलोकॅलरी. दुसरं मशिन महाग होतं. दाजींनी साधा विचार केला की साठ हजार वीस हजारांच्या तिप्पट, शिवाय स्वस्त. त्यात विक्रेता म्हणाला, ‘हे पाच टनाचं मशिन आहे, तुमची खोलीही पाच टनाची.’ व्यवहार ठरला. मला विचारलं ते मशिन बसल्यावर.

आता आकडे एका मापात आणून बघा. एक किलोवॉट म्हणजे ताशी ३,४१२ बीटीयू, म्हणून ६०,००० बीटीयू भागिले ३,४१२ म्हणजे १७.६ किलोवॉट. २०,००० किलोकॅलरी भागिले ८६० म्हणजे २३.३ किलोवॉट. तिप्पट वाटणारं मशिन प्रत्यक्षात एक चतुर्थांशाने लहान निघालं. आणि टनाचं म्हणाल, तर खोलीचा टन वजनाचा आहे, हजार किलोचा. मशिनचा टन बर्फाचा आहे. अमेरिकेत यंत्रं येण्याआधी तळ्यांतला नैसर्गिक बर्फ कापून विकत, तेव्हापासूनचं हे माप : २,००० पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढतो, तेवढा एक टन. या दोन टनांचं एकमेकांशी काहीही नातं नाही. एका शब्दामुळे शेतकऱ्याला वाटतं की जुळलं.

पाच हजार किलो द्राक्षं ३० अंशांवरून २ अंशांवर आठ तासांत आणायची. द्राक्षात बहुतेक पाणीच असतं, किलोला एका अंशामागे साधारण ०.८७ किलोकॅलरी धरतात. ५,००० गुणिले २८ गुणिले ०.८७ म्हणजे १,२१,८०० किलोकॅलरी. आठने भागलं की ताशी १५,२२५, म्हणजे १७.७ किलोवॉट. ही फक्त द्राक्षांची उष्णता झाली. भिंतीतून शिरणारी, आतल्या पंख्यांच्या मोटारींची, दार उघडलं की येणारी वेगळीच. म्हणजे १७.६ चं मशिन नुसत्या मालालाही काठावर होतं. त्यातून कॅटलॉगमधला आकडा कोणत्या तापमानाचा हे कोटेशनवर लिहिलेलंच नव्हतं. खोली जसजशी शून्याकडे जाते, तसतशी तेच मशिन कमी उष्णता ओढतं.

फेब्रुवारीत पहिला माल आत गेला. संध्याकाळी सातला दार बंद केलं, पहाटे तीनला २ अंश दिसायला हवे होते. तीनला काटा ९ वर होता. दाजी आणि मी खोलीबाहेर क्रेटवर बसून होतो, दर अर्ध्या तासाने ते उठून काच पुसून बघत. काटा २ अंशांवर आला तेव्हा सकाळचे साडेआठ वाजून गेले होते आणि कंटेनरची वेळ टळली होती. देठांकडे बोट दाखवून ते मला म्हणाले, ‘मला फक्त एवढं सांग, साठ हजार मोठं की वीस हजार?’ वर्षभर बागेत राबलेल्या माणसाला असा प्रश्न विचारावा लागतो, हे मला फार लागलं. खोटं कुणीच लिहिलं नव्हतं. दोघांनी दोन वेगळ्या मापांत लिहिलं होतं, आणि ‘ताशी’ हा शब्द दोघांनीही गाळला होता. नुसता बीटीयू किंवा नुसती किलोकॅलरी ही उष्णतेची रास झाली. ती किती वेळात, हे लिहिल्याशिवाय मशिनची ताकद कळत नाही.

हॉर्सपॉवरबद्दल थोडं लिहितो, कारण माझा दिवस त्यातच जातो. १ हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट. ज्यांनी मोट पाहिली आहे त्यांना असं सांगतो : ७६ किलो भरलेली मोट दर सेकंदाला एक मीटर वर येत राहिली, तर तो एक हॉर्सपॉवर. पाच एचपीच्या मोटारीच्या पाटीवर ३.७ किलोवॉट असतं, ते शाफ्टवर मिळणारं काम. मोटार वीज ओढते त्याहून जास्त. परवाच एका मोटारीला क्लॅम्प मीटर लावला : तीन फेज, ४१५ व्होल्ट, साडेसात अँपिअर. व्होल्टला अँपिअरने आणि तीन फेजसाठी १.७३२ ने गुणलं की ५,३९० व्हीए, म्हणजे व्होल्ट-अँपिअर. त्यातला जेवढा भाग खरी वीज म्हणून वापरला जातो तो पॉवर फॅक्टर, तो ०.८२ धरला तर ४,४२० वॉट. एकाच मोटारीचे तीन आकडे, तिन्ही खरे. जनरेटर घेताना व्हीए बघायचे, मीटरवर वॉट फिरणार, पाणी मिळणार ते हॉर्सपॉवरच्या हिशेबाने. ज्याला हे कुणी सांगितलेलं नाही, तो ३.७ बघून चार केव्हीएचा (चार हजार व्हीएचा) जनरेटर आणतो आणि मोटार सुरूच होत नाही.

घरच्या इन्व्हर्टरचंही तेच. ९०० व्हीएला ०.८ ने गुणा, ७२० वॉट येतात. ७५० वॉटची इस्त्री लावली की तो ट्रिप होणारच, बॅटरीचा त्यात दोष नाही. मोबाइल-लॅपटॉपच्या चार्जरला तर नुसता गुणाकार पुरतो : २० व्होल्ट गुणिले ३.२५ अँपिअर म्हणजे ६५ वॉट. पाटीवर दोन्ही आकडे असतात.

म्हणून आपल्याला विनंती आहे. एक, त्या वाक्याची दुरुस्ती त्याच पानावर छापा, कारण अजून किती घरांत त्यापायी एसी बंद असेल ते आपल्याला कळणार नाही. दुसरं, यापुढे एसी, गिझर, पंप, कोल्ड स्टोरेज यांबद्दल काहीही छापताना टन किंवा हॉर्सपॉवरच्या शेजारी किलोवॉट लिहा, आणि तो किलोवॉट उष्णतेचा की विजेचा हेही लिहा. आपल्या शेतीच्या पानावर यंत्रांच्या जाहिराती येतात, त्यांनाही हा आग्रह धरता आला तर द्राक्ष हंगामाआधी त्याचा फार उपयोग होईल. नाशिकचे व्यापारी आणि ठेकेदार हे वाचत असतील, त्यांनाही सांगणं आहे : कोटेशनवर किलोवॉट लिहा, आणि तो किती अंशांना मिळतो तेही लिहा. एका ओळीचं काम आहे.

दाजी ऑक्टोबरच्या छाटणीआधी खोलीला दुसरं मशिन जोडणार आहेत. या वेळी तीन ठिकाणी कोटेशन मागताना त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलं : ‘उष्णता ओढण्याची क्षमता किलोवॉटमध्ये, खोली २ अंश असताना. लागणारी वीज वेगळी लिहावी.’ दोघांची उत्तरं तशी आली आहेत. तिसऱ्यांनी पुन्हा बीटीयूच लिहून पाठवले, ते दाजींनी परत केले.

आपला वाचक,
एक मोटार रिवाइंडिंग व्यावसायिक, सातपूर, नाशिक