काळा कोट

प्रिय सुमे,

पत्राला उशीर झाला म्हणून तोंड फुगवू नकोस. फुगवलंस तरी मला इथून दिसणार नाही. तब्येत ठीक. मान अधूनमधून धरते, तेवढंच. आता मुद्द्याचं.

परवा माझ्या फॅशन फोटोंचा पोर्टफोलिओ दाखवून आले. एका मासिकाच्या आर्ट डिरेक्टर बाई होत्या. नाव सांगत नाही, तू लगेच त्यांची कुंडली काढत बसशील. टॅबलेटवर बोट अशा काही वेगाने सरकवत होत्या की मला वाटलं बाईंना गाडी गाठायचीय. फक्त दोन ठिकाणी थांबल्या. एक तो पिवळा प्लीट्सचा स्कर्ट आणि दुसरी तू. जिन्यातली तू, गं! मी मनातल्या मनात उड्या मारतेय, तोवर बाई म्हणाल्या, "मुलगी छान आहे. कोट कुठाय?"

तू रडून झाल्यावर लंब्याचा कोट अंगावर ओढून, "काढ आता, जसा येईल तसा" म्हणालीस, हे त्यांना कुठून कळणार? मी घरी येऊन त्यांच्या नजरेने तो फोटो बघितला. चेहरा आहे, कॉलरचं एक टोक आहे, वरचं एक बटण आहे. बाकी काळ्यात काळं. पाठीमागून खांद्यावर एक रिम लाइट हवा, नाहीतर बाजूने पांढरं थर्माकोल तरी, म्हणजे कोटाची कड भिंतीपासून सुटते. आणि लोकरीचं विणकाम दिसायला उजेड तिरका घासून जायला हवा. तेव्हा आपल्याकडे एकच सॉफ्टबॉक्स, उजेड मऊ करणारा, तोही उसना.

आता तू तुझ्या त्या अमेरिकन फोटोग्राफरला, अर्विंग पेनला, मध्ये आणणार, माहितेय मला. 1948 मध्ये त्याने दोन उभ्या फळ्यांचा अरुंद कोपरा केला आणि भल्याभल्यांना त्यात कोंबलं, आणि त्यावरून तू रात्र रात्र भांडायचीस की माणूस दिसला की झालं, कपडे गेले खड्ड्यात. पण तोच पेन 1950 मध्ये पॅरिसला नाट्यगृहाच्या जुन्या पडद्यासमोर कूतूरचे, म्हणजे बड्या फॅशन घराण्यांनी हाताने शिवलेले, कपडे टिपत होता, आणि तिथे बाहीची चुणी न चुणी दिसते! म्हणजे ते भांडण मी जिंकले, उशिरा का होईना. लेखी कबुली पाठव.

बाईंचं बाकीचं बरंचसं पटलं. फोटो वीसच्या आत आणा, कारण लोकांच्या लक्षात सगळ्यात कच्चा फोटो राहतो. प्रत्येक शूटमधला एकेक चांगला फोटो गोळा करू नका, एकाच कल्पनेवरचे सहा-आठ एकत्र ठेवा: पूर्ण उभा, अर्धा, शिवणीचा क्लोजअप, एखादा हालचालीतला. एकाच कपड्यावर इतका वेळ टिकता हे दिसलं तरच कोणी काम देतं म्हणे. ब्यूटीचे सगळे क्लोजअप काढून टाका म्हणाल्या, ते मात्र मी ऐकणार नाही. त्वचेची रंध्रं शाबूत ठेवून रिटच करायला डोळे फुटेस्तोवर बसलेय मी, ते काय कचऱ्यात टाकायला?

पिवळ्या स्कर्टवर का थांबल्या, ते मात्र कळलं. कॅमेरा कमरेच्या उंचीवर होता म्हणून पाय आखूड झाले नाहीत. मॉडेलच्या पाठीमागे कंबरेला कपडे वाळत घालायचे तीन चिमटे, समोरून पट्टा कसा चापून बसलेला! तिने गिरकी घेतली, काठ वर गेला आणि एकेक प्लीट उघडी पडली. मॉडेलचा चेहरा त्यात निम्मा झाकलाय आणि कोणाचं काही बिघडलेलं नाही. मला हेच खातंय, सुमे. माझे लाडके फोटो सगळे ओळखीच्या चेहऱ्यांचे. ते बघताना मी फोटो बघतच नसते, तुम्हाला बघत असते. मग यादीतून कोणाला काढायचं हे मी कशी ठरवणार?

म्हणून नवीन टेस्ट शूट ठरवलंय. पैसे कोणालाच नाहीत, सगळ्यांना फोटो. स्टायलिस्ट कोण? बारकी. हो, तीच. हसू नकोस. तिच्याशी बोलायचं नाही असं आपण ठरवलं होतं, पण स्टीमर तिच्याकडे आहे आणि चुरगळलेल्या कापडापुढे माझा अभिमान टिकत नाही.

तुझं घर लागलं का? साहेबांची कटकट थांबली? आईंचं ऑपरेशन नीट झालं हे मला बारकीकडून कळलं, तुझ्याकडून नाही, हे लक्षात ठेवलंय. त्यांना नमस्कार सांग.

आणि आता खरं सांग. तुझा फोटो राहू दे की काढू? "तुला वाटेल ते कर" हे उत्तर चालणार नाही. लंब्याने तो कोट परत नेला नसेल तर तो घेऊन ये, दोन लाइट लावून नीट काढते. यायला जमत नसेल तर नुसता कोट पाठव, बारकीला घालते.

तुझीच,
मने

ता. क. कोट पाठवलास तर आधी ब्रश मार. तुझ्या मांजराचा एकेक केस मला रिटचमध्ये काढावा लागतो.