उपग्रहाला मासे दिसत नाहीत

संपादक महोदय,

उपग्रहाच्या मदतीने मासळीचा ठावठिकाणा सांगण्याविषयीचा आपला लेख वाचला. विषय महत्त्वाचा, पण ‘उपग्रह मासे शोधणार’ हा मथळा खटकला. उपग्रहाला मासे दिसत नाहीत. त्याला कळतो पाण्याचा रंग आणि पाण्याचं तापमान, आणि तापमान अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांनी मोजलं तर तेही मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या भागाइतक्या पापुद्र्याचं! मासळी त्याच्या कितीतरी खाली असते.

तरीही अंदाज बऱ्याचदा लागू पडतो. गरम आणि थंड पाणी जिथे एकमेकांना भिडतं, त्या रेषेवर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, गोळा होतात. त्यांच्यामागे लहान मासे येतात, लहानांमागे मोठे. कॅलिफोर्नियाच्या समुद्रात आल्बाकोर ट्यूना या रेषेच्या उबदार, निळ्याशार बाजूला जास्त सापडतात, हे १९८०च्या दशकातच दिसून आलं होतं. म्हणजे नुसतं तापमान पाहून भागत नाही, पाण्याचा रंगही पाहावा लागतो. हैदराबादची ‘इन्कॉइस’ संस्था मच्छीमारांना सल्ला देताना पाण्याच्या रंगावरून कळणाऱ्या, प्लवकांमधल्या हरितद्रव्याची नोंद घेते ती त्यासाठीच.

ढग आले की मात्र अवरक्त संवेदक आंधळा होतो. मायक्रोवेव्ह संवेदक ढगांपलीकडचं टिपतो, पण ढोबळ: एक किलोमीटरच्या बारकाव्याऐवजी साधारण पंचवीस किलोमीटरचे चौकोन हाती येतात. मग चार दिवसांची चित्रं जोडून नकाशा पुरा करायचा, आणि तोवर रेषा सरकलेली. नकाशा कधीचा आहे आणि त्यातला किती भाग भरून काढलेला आहे, हे बोट चालवणाऱ्या तांडेलाला कळायलाच हवं. डिझेल त्याचं जळतं.

माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. लेखभर ‘जास्त मासळी, कमी इंधन’ एवढंच आहे. एकच नकाशा एकाच सकाळी सगळ्या बोटींना मिळाला, तर सगळ्या त्याच रेषेवर जाणार. तिथल्या माशांच्या थव्याचं पुढे काय? याच माहितीचा उलटा वापरही झालेला आहे. अमेरिकेच्या ‘नोआ’ या समुद्र आणि हवामानाचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेने २००६ मध्ये हवाईच्या उत्तरेकडच्या समुद्रासाठी ‘टर्टलवॉच’ नकाशा काढला. लॉगरहेड जातीची समुद्री कासवं साधारण १७.५ ते १८.५ अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात जास्त असतात, ती गळाला लागू नयेत म्हणून तिथे गळ टाकू नका, असं तो स्वोर्डफिश पकडणाऱ्या बोटींना सांगतो. सक्ती नाही, नुसता सल्ला.

‘इथे जा’ सांगणाऱ्या नकाशावर ‘इथे जाऊ नका’ हेही दाखवता येतं. लेखात त्याचा उल्लेखही नाही.

– एक वाचक