संद्याला पत्र: कायोटीसाठी रायफल कोणती घ्यावी

संद्या,

कायोटींनी, त्या कोल्ह्यासारख्या रानटी कुत्र्यांनी, करडं मारल्याचं वाचून फार वाईट वाटलं रे, वहिनीने बाटलीने दूध पाजून वाढवलेली ती. रायफल कोणती घेऊ विचारलंस, फोनवर तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा लिहूनच पाठवतो.

सरळ सांगतो, .२२३ रेमिंग्टन या मापाच्या काडतुसाची रायफल घे, बोल्ट ॲक्शन, म्हणजे दर गोळीनंतर हाताने खटका ओढायची. दुकानात तुला .२२-२५० हे जास्त वेगवान माप दाखवतीलच, भारी आहे यात वाद नाही, ५५ ग्रेन (साडेतीन ग्रॅम) वजनाची गोळी सेकंदाला ३,६०० फुटांच्या वर जाते आणि .२२३ मध्ये तीच ३,२०० च्या आसपास, पण कायोटी म्हणजे १०-२० किलोचं जनावर, दोनशे यार्डांपर्यंत त्याला .२२३ पुरून उरते, आणि तुझ्या रानात मेस्किटची काटेरी झुडपं एवढी माजलीत की त्यापुढचं दिसणार तरी काय? वर .२२-२५० ची बॅरल लवकर तापते, लवकर झिजते, काडतुसं महाग, मग सराव होत नाही. .२२३ ला धक्का इतका कमी की गोळी कुठे लागली ते स्कोपमधूनच, म्हणजे वरच्या दुर्बिणीतूनच, दिसतं.

वाऱ्याचं मात्र मनावर घे. टेक्सासमधल्या सॅन अँजेलोकडचा वारा तुला माहितीये, ताशी १० मैलांचा आडवा वारा असला तरी ३०० यार्डांवर ही हलकी गोळी वीतभर सरकते, म्हणजे छातीवर धरलेली पोटात जाणार आणि जनावर जखमी होऊन रात्रभर झुडपात तडफडणार, ते मला अजिबात बघवत नाही. उघड्या माळावर लांबून मारायचं असतं तर मीच .२४३ विंचेस्टर घे म्हटलं असतं, तिची ८७ ग्रेनची गोळी वाऱ्यात बरीच कमी सरकते, आणि हरणासाठीची जड गोळी घातली तर तीच रायफल हरणालाही चालते. पण तुझ्या कुंपणापलीकडे शेजाऱ्याची गुरं आहेत. .२२३ ची पातळ कवचाची व्हार्मिंट (उपद्रवी जनावरांसाठीची) गोळी बहुतेक वेळा आतच फुटते, आरपार जात नाही. तरीही मागे मातीचा चढ असल्याशिवाय चाप ओढायचा नाही म्हणजे नाही.

बॅरलवर काय कोरलंय ते वाच. नुसतं .२२३ असेल तर ५.५६ नाटोची, म्हणजे लष्करी, काडतुसं घालायची नाहीत, दिसायला सारखीच पण प्रेशर जास्त.

आणि तू अजून एच-१बी व्हिसावरच ना? मग हंटिंग लायसन्स आधी काढ, त्याशिवाय बंदूक जवळ ठेवणं फेडरल गुन्हा आहे, ग्रीन कार्डच्या तोंडावर नसती भानगड नको.

एक ग्रेट पिरेनीज कुत्राही बघ, शेळ्यांसोबत लहानाचा मोठा झालेला. रात्रीची राखण तोच करेल, बंदूक काही गोठ्यात जागत बसत नाही.

थंडीत येतोय, तेव्हा स्कोप १०० यार्डांवर मिळून झिरो करू, म्हणजे नेम जुळवू. तोवर उरलेली करडं रात्री आत घे.

तुझा,
नित्या